दाबून बघायचा पाव

२७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी नऊ ते दुपारी एक. ठिकाण: विलोबरी ग्रीन, बॉथेल, घड्याळाच्या मनोऱ्याखाली. विक्रेते: बाबा (पाव), आई (तर्री पोहे, नाइलाजाने), मी (नोंदी), पियू (वय दहा, तोंड फुगवून), आणि मेणबत्त्या घेऊन आलेली एक शेजारीण, जी साडेदहाला सामान आवरून गेली. गिऱ्हाइकं: चौदा. त्यांतले पाच विकाऊ घर बघायला आलेले आणि पत्ता विचारणारे, दोन कुत्रे फिरवणारे, एक पोस्टमन, बाकीचे ओळखीचे. इंग्लंड: गैरहजर.

ही नोंद मी सोळाव्या वर्षी केली. निळी वही अजून माझ्याकडे आहे. शेवटचे दोन शब्द तेव्हा मला फार विनोदी वाटले होते आणि मी ते पियूला दोनदा वाचून दाखवले होते. आता चाळिशी उलटली, वाचून दाखवायचा उत्साह राहिलेला नाही, पण खोडावेसेही वाटत नाहीत, कारण नोंद बरोबर आहे. याद्या करायची सवय मला आईकडून आली. आमच्या घरात याद्या करणारी माणसं होती आणि यादीत नसलेल्या वस्तू घेऊन येणारे बाबा होते. त्यांना दूध आणायला पाठवलं की ते दूध आणि इंग्लिश चहाचा एक पत्र्याचा डबा घेऊन यायचे. झाकणावर कधी मेंढ्या, कधी दगडी पूल, कधी चर्च. असे नऊ डबे जमले तेव्हा आईने त्यांत डाळी भरायला सुरुवात केली. आमच्याकडे तुरीची डाळ मेंढ्यांत असे आणि मसूर चर्चमध्ये. नव्या पाहुण्याला स्वयंपाकघरात मदतीला पाठवायची सोय नव्हती.

बाबांना इंग्लंड लागलं ते अमेरिकेच्या आधी. नागपूरच्या कंपनीने त्यांना सहा महिन्यांसाठी एका कामावर तिकडे पाठवलं. काम लंडनमध्ये असेल अशी समजूत करून त्यांनी नवा कोट शिवला, आणि ते निघालं मार्केट एल्सबी नावाच्या गावात. नदी, पूल, चर्च, मधोमध फरसबंदी चौक आणि चौकात दर बुधवारी बाजार. तिकडे अशा गावांना मार्केट टाउन म्हणतात. आपण तालुक्याचं ठिकाण म्हणतो आणि तिथून बदली मागतो. पण बाबा त्या गावाबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाने आजवर जे जे चांगलं केलं ते सगळं त्या चौकात बुधवारी मांडून ठेवतात. तिथे कुणी हॉर्न वाजवत नाही. चीजवाला तुमच्या सर्दीची चौकशी करतो. पाऊस आला तर कुणी पळत नाही, आडोशाला उभं राहून पावसाबद्दलच बोलतात. हिवाळ्यात चारच्या आत अंधार पडतो, सहानंतर गावात खायला काही मिळत नाही आणि शेवटची बस चुकली तर सहा मैल चालावं लागतं, हे ते सांगायचे नाहीत. ते आम्हाला आईकडून कळलं, कारण त्या सहा महिन्यांतली त्यांची पत्रं तिच्याकडे होती आणि त्यांतल्या बहुतेक पत्रांत शेवटच्या बसचा उल्लेख होता.

अमेरिकेत आल्यावर मोह उतरेल असं आईला वाटलं होतं. उतरला नाही, उलट अमेरिकेने त्याची सोय केली. पहिली तीन वर्षं आम्ही पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढली आणि मग बाबांनी बॉथेलमध्ये घर घेतलं, ते वसाहतीचं नाव वाचून. विलोबरी ग्रीन. तिथे विलोचं झाड नव्हतं आणि ग्रीन म्हणजे मोटारी वळवायला ठेवलेल्या जागेच्या मधला गवताचा गोल, ज्यावर पाय ठेवायला मनाई होती. रस्त्यांची नावं शेपर्ड्स लेन, मिलर्स वे, ओल्ड ब्रिज रोड. पूल नव्हता, कारण नाला पाइपमध्ये घालून वर गॅरेजं बांधली होती. मेंढपाळ आणि पिठाच्या गिरणीवाले यांच्याऐवजी पुण्याचे, हैदराबादचे आणि तैवानचे सॉफ्टवेअरवाले राहायचे. घरांना धुराडी होती, ती आतून बंद. मुख्य चौकाला व्हिलेज स्क्वेअर म्हणत. त्यात एक दातांचा दवाखाना, एक नखं रंगवायचं दुकान, एक घरं विकणाऱ्यांचं ऑफिस आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. मनोऱ्याच्या पोटात मोबाइल कंपनीचा अँटेना होता. जाहिरातीच्या चकचकीत पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की इंग्लिश मार्केट टाउनचं कालातीत आकर्षण आता फ्रीवेपासून सात मिनिटांवर. बाबांनी ती पुस्तिका जपून ठेवली. आईनेही ठेवली, पण पुरावा म्हणून.

त्या घराचा आवाज अजून कानात आहे. ऑक्टोबर ते मे पन्हाळीतून सतत वाहणारं पाणी. सकाळी साडेपाचला बाबांच्या किटलीची शीळ आणि लगेच पाठोपाठ आईच्या खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज. एकाच ओट्यावर दोन चहा व्हायचे आणि ते एकमेकांशी बोलायचे नाहीत. बाबांचा चहा पिशवीचा, फिका, दूध वरून. आईचा उकळून लाल केलेला. रविवारी सकाळी बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढे वंदना, मग पोहे, मग आईच्या भावाचा, मामाचा, एडिसनहून फोन. मामाचं म्हणणं सरळ होतं. बाजारच हवा ना भाऊजींना, मग न्यू जर्सीला या. ओक ट्री रोडवर काय मिळत नाही? भेंडी मोडून बघा, शेंगा फोडून बघा, कुणी काही म्हणत नाही. आई हे ऐकता ऐकता बाबांकडे बघायची. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "तिथं सगळे आपलेच लोक आहेत." एवढंच. मला वाटायचं, ही पार्किंगबद्दलची तक्रार आहे.

बाबांची आणखी एक खोड सांगायला हवी. ते दुकानात पाव दाबायचे. मोठ्या ग्रोसरीत, ब्रेडच्या रांगेपुढे उभं राहून, एक एक पाव हातात घेऊन, अंगठ्याने हलकेच दाबून, कानाजवळ नेऊन. दहा मिनिटं, कधी पंधरा. ज्या पावाचे काप कारखान्यातच पडलेले असतात आणि जो आठ दिवस दाबला तरी पुन्हा फुगून वर येतो, तो पाव. सोळा वर्षांच्या मुलीला त्या दुकानात शाळेतली सगळी मुलं भेटतात. मी ट्रॉली घेऊन दोन रांगा पलीकडे कुत्र्यांच्या खाण्यापाशी उभी राहायची आणि कुत्रा पाळल्यासारखा चेहरा करायची. आम्ही कुत्रा पाळलेला नव्हता.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी बाबा ऑफिसातून नेहमीच्या बसच्या आधीची बस पकडून आले. कंपनीचं इंग्लंडमधलं ऑफिस मार्केट एल्सबीपासून अकरा मैलांवर निघत होतं आणि टेस्टिंगचा माणूस हवा होता. जायचं असेल तर नवराबायको दोघांच्या सहीचा फॉर्म सप्टेंबर संपायच्या आत द्यायचा. बाबांनी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं आणि वरणभात कालवायला घेतला, जसं काही पाऊस येईल एवढंच बोलले. आईने घास खाली ठेवला. पाच वर्षं आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत होतो आणि वकिलाने सांगितलं होतं की आता निघालात तर पुन्हा शेपटाला. तिची लॅबमधली नोकरी दोन वर्षांपूर्वी लागली होती, नागपुरातल्या एमएस्सीची किंमत इथे कुणाला तरी पटवता पटवता तिची चार वर्षं गेली होती. माझी कॉलेजं वहीत क्रमाने लिहिलेली होती, सगळी याच किनाऱ्यावरची. पियू म्हणाली, "आय एम नॉट गोइंग." आणि वर निघून गेली. आई आठ-दहा दिवस हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मग एका संध्याकाळी तिने कागद घेतला, रेघ मारली आणि अटी लिहिल्या. बाबांनी एक शनिवार इथे, आपल्या वसाहतीत, बाजार भरवावा. त्यांना जसा हवा तसा. त्यानंतरही इंग्लंडच हवं असेल तर ती सही करेल, पुन्हा विषय काढणार नाही. तिला खात्री होती की एक दिवस बाजारात उभं राहून पाय दुखले की माणूस शहाणा होतो.

वसाहतीच्या असोसिएशनची परवानगी लागणार होती. ती मिळवायचं काम मी केलं, म्हणजे पत्रं मी टाइप केली. उत्तर आलं ते मी वहीत चिकटवून ठेवलं आहे. असोसिएशनला कम्युनिटी स्पिरिटचं फार कौतुक वाटत होतं आणि म्हणून पुढील अटींवर संमती होती. तंबू किंवा छत उभारू नये. फळीवर नावाची पाटी एका हातापेक्षा रुंद नसावी. तीव्र वास येणारे पदार्थ टाळावेत. मालाची ओरडून जाहिरात करू नये. गवतावर पाय ठेवू नये. म्हणजे बाजार भरवा, पण मुक्याने, बिनवासाचा आणि पाऊस पडला तर भिजत. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, बघ, किती व्यवस्थित लिहिलंय. तीव्र वासाच्या कलमावर आईने तर्री पोह्यांची घोषणा केली. एरवी तिला यात भाग घ्यायचा नव्हता, पण ते कलम तिला झोंबलं.

पाव मात्र बाबा स्वतः करणार होते. आयुष्यात त्यांनी पोळी शेकलेली नव्हती. आठवडाभर घरात यीस्टचा आंबूस वास आणि ओट्यावर ओल्या फडक्याखाली झाकलेली परातीएवढी पिठं. पहिला पाव मधून कच्चा, दुसरा पेपरवेटसारखा. शुक्रवारी त्यांनी रजा घेतली आणि बारा पाव भाजले, गोल, वर सुरीने दोन चिरा. दिसायला सुंदर. मी एक टेबलावर ठेवला तर वरच्या मजल्यावरून पियूने विचारलं की काय पडलं.

शनिवारी पाऊस नव्हता, नुसतं भिजट होतं. आम्ही घडीचं टेबल लावलं, त्यावर पांढरी चादर, टोपलीत पाव. बाबांनी नागपूरहून आणलेला तो कोट घातला होता. एका हातापेक्षा अरुंद पाटीवर मी त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजीत लिहिलं होतं की कृपया पाव हातात घेऊन दाबून बघावा. या पाटीवरून माझं आणि त्यांचं आदल्या दिवशी वाजलं होतं. कुणी पाव दाबत नाही, इथे लोक हातमोजे घालून सफरचंदं निवडतात, हे मी सांगून पाहिलं. "तू लिही नं," ते म्हणाले, "बाकीचं मी पाहतो." दहापर्यंत कुणी दाबला नाही. विकाऊ घराचा पत्ता विचारणाऱ्यांना बाबांनी पत्ता सांगितला, वर पावाकडे हात केला. ते हसून, मान डोलावून, मागे सरकत गेले. पोस्टमनने एक घेतला, तोही दाबून पाहिला नाही. बाबांनी त्याच्याकडून पैसे घेऊ नकोस म्हणून मला खूण केली. इकडे आईच्या पोह्यांना वासाच्या जोरावर गिऱ्हाईक लागलं होतं. कुत्रा फिरवणाऱ्या दोघांपैकी एक तर पुन्हा आला आणि तर्री आणखी मागून घेतली. आईने बाबांकडे बघून पळी पातेल्याच्या काठावर वाजवली.

अकराला जोगळेकर काका-काकू आले. आमच्या ओळखीचं हेच एक मराठी घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्यांची ईशा पियूच्या वर्गात, दर शुक्रवारी पियू त्यांच्याकडे खेळायला. काकू मूळच्या पुण्याच्या आणि बॉथेलमध्ये बारा वर्षं राहूनही पुण्याहून फारशा हललेल्या नव्हत्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, रामटेके म्हणजे रामटेकचे का? आईने सांगितलं होतं, नाही, नागपूरचे, आम्ही बौद्ध. आईला पुढचे चार प्रश्न वाचवायची सवय होती. काकू म्हणाल्या होत्या, अगं, मी आपलं सहज विचारलं. त्यानंतर ते दोघे आमच्याकडे चार वेळा आले आणि चारही वेळा आत्ताच जेवून आले होते. तेव्हा मला वाटायचं, पुण्याची माणसं लवकर जेवतात.

काकांनी पोह्यांच्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि प्लेट उचलली. काकू म्हणाल्या, "अहो, तुमची ॲसिडिटी." काकांनी प्लेट जिथून उचलली तिथे नीट ठेवली आणि घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघायला लागले, जणू अँटेना दिसतोय का ते पाहत होते.

"रामटेके, तुम्ही तर अगदी साहेब झालात हो," काकू म्हणाल्या. छत्री त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, मिटलेली.

"या वहिनी. घ्या, दाबून बघा. आवडेल तो उचला."

"छान दिसतायत."

"दिसण्यावर नका जाऊ. हातात घेऊन बघा नं. त्याशिवाय पावाचं कळत नाही." बाबांनी टोपली त्यांच्याकडे सरकवली, आणि मग टोपलीतला एक पाव उचलून दोन्ही हातांनी पुढे केला.

काकू अर्धं पाऊल मागे सरल्या. "नाही हो. आम्ही यीस्टचं खात नाही ना. आमच्याकडे कुणीच नाही खात."

पियू टेबलाखाली पाय हलवत बसली होती. तिने पुस्तकातून मान वर केली. तिच्या आवाजात खोच नव्हती, नुसती माहिती होती. "बट यू गाइज हॅव पिझ्झा एव्हरी फ्रायडे. आय हॅड इट यस्टरडे."

 आईची पळी हवेत होती. काकू हसल्या आणि म्हणाल्या, मुलांसाठी आणतो गं, मुलांचं वेगळं असतं. त्यांनी पियूचा गाल ओढायला हात पुढे केला. पियूने गाल दिला नाही. बाबा अजून तो पाव धरून उभे होते. मग त्यांनी तो टोपलीत ठेवला, चिरा वर येतील असा फिरवला आणि म्हणाले, "काही हरकत नाही वहिनी. तसा कडकच झालाय यंदा." यंदा म्हणाले, जणू ते दर वर्षी पाव करायचे. काका-काकू गेल्यावर त्यांनी टोपलीवर फडकं झाकलं. तास-दीड तास उरला होता, पण ते फडकं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

घरी आल्यावर आईने पातेलं सिंकमध्ये आपटलं. तिला काकूंचा राग आलाच होता, त्याहून जास्त बाबांचा आला होता. तुम्ही कडक झालाय म्हणालात, ते काहून? त्या बाईची अडचण सोडवायला? बाबा म्हणाले, कडक झाला होता, रेखा. आणि ते खरं होतं. मी आजही शपथेवर सांगेन की तो पाव खाण्यासारखा नव्हता आणि काकूंनी तो कोणत्याही कारणाने नाकारला असता तरी त्यांच्या दातांचं भलंच झालं असतं. आई म्हणाली की कडक-मऊचा प्रश्न दाबून बघितल्यावर येतो. तिने हात लावला का?

बाबा खुर्चीवर बसले. कोट काढला नव्हता. त्यांनी सांगितलं ते आईलाही नवीन होतं. ती नागपूर शहरात वाढली होती, आईवडील दोघे शिक्षक, अवतीभवती आपली वस्ती. बाबांचं गाव आडबाजूचं. तिथेही बाजार भरायचा, गुरुवारी. घरातला मोठा म्हणून पिशवी घेऊन ते जायचे. पण भाजीवाल्याच्या ढिगाला त्यांनी हात लावायचा नव्हता. तीन-चार हात लांब उभं राहायचं, बोट दाखवायचं आणि तो देईल ते पिशवीत पडू द्यायचं. तो किडकं द्यायचा. घरी गेल्यावर त्यांची माय किडकं कापून टाकून उरलेल्याची भाजी करायची. पुढे शिकून नोकरी लागली, शहर झालं, हे सगळं मागे पडलं असं त्यांना वाटलं होतं. मग मार्केट एल्सबीत पहिल्या बुधवारी ते बाजारात गेले, पावाच्या टेबलापुढे उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण तीन-चार हात लांब उभे आहोत आणि बोट दाखवतो आहोत. वय तेहतीस, अंगात नवा कोट.

"ती बाई टेबलाला वळसा घालून आली," बाबा म्हणाले. "माझा हात धरला अन् पावावर ठेवला. म्हणाली, दाब. मी चांगला म्हणते म्हणून घेऊ नको, तू पाहा. मी दोन घेतले. एकट्याला एक संपत नव्हता."

एव्हाना पाऊस लागला होता आणि पन्हाळीतून पाणी वाहत होतं. मी आतापर्यंत त्या गावावर किती विनोद केले होते याची यादी माझ्याकडे नव्हती, पण करता आली असती. आईने हात पुसले, ड्रॉवरमधून फॉर्म काढला, तिसऱ्या पानावर सही केली आणि पेनाला टोपण लावलं. पियूला तिने वर जाऊन काय सांगितलं ते मला माहीत नाही. रात्रीच्या जेवणात आम्ही तो पाव तर्रीत बुडवून खाल्ला. तर्रीत बराच वेळ ठेवल्यावर तो नरम पडत होता. आईच्या मते त्याला एवढाच उपाय होता.

सोमवारी सकाळी बाबा मला शाळेच्या बसपर्यंत सोडायला आले. फॉर्म त्यांच्या बॅगेत असणार असं धरून मी विचारलं, कधी निघायचं. ते म्हणाले, फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे, तिथेच राहील.  आईने सही केली होती, अट पुरी झाली होती. मी एवढंच म्हणाले की पण तुम्हाला जायचं होतं.

"तिथं मी सहा महिने होतो, सुजू," ते म्हणाले. "सहा महिन्यांत कोणी विचारत नाही कुठला, कोणाचा. सातव्या महिन्यात काय विचारतील ते मला पाहायचं नाही." बस आली. त्यांनी माझ्या बॅगेची चेन लावली, जी उघडी नव्हती.

पुढचं थोडक्यात. रांग यथावकाश संपली आणि कार्डं आली. माझ्या यादीतलं तिसरं कॉलेज मिळालं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा जोगळेकर काकूंनी आठ दिवस वरणभाताचा डबा पाठवला. आम्ही तो खाल्ला, डबा धुऊन परत केला आणि यीस्टचा विषय काढला नाही. विलोबरी ग्रीनमध्ये आता दर शनिवारी असोसिएशनच बाजार भरवते, फार्मर्स मार्केट म्हणून, पांढऱ्या छत्र्यांसकट. ज्या छत्र्यांना तेव्हा मनाई होती त्याच असाव्यात. पाव मिळतो, भाव विचारू नये असा. टेबलावर पाटी असते की पावाला हात लावू नये. बाबा सत्तरी ओलांडून गेले आहेत, गुडघे कुरकुरतात, तरी मागच्या उन्हाळ्यात हट्टाने माझ्याबरोबर आले. त्यांनी पाटी वाचली, आजूबाजूला पाहिलं. कुणीच हात लावत नव्हतं, गोरे, तैवानी, जोगळेकर, कुणीच नाही. "हे बरं आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनाच नाही." आणि घरी चला म्हणाले.

त्या संध्याकाळी मी नवी यादी केली. बाबांना मार्केट एल्सबीला नेणे. सोळा कामं निघाली. पासपोर्ट, गुडघ्याचे डॉक्टर, विमानात पाय लांब करता येतील अशी सीट, आईचं सामान, पियूच्या सुट्ट्या, तो कोट ड्रायक्लीन. एकेक खूण होत गेली. चौकासमोरच्या छोट्या हॉटेलला मी स्वतः फोन केला, खोली बाजाराकडे तोंड करून हवी म्हणून. तिकडची बाई मनमिळाऊ होती, तिने माझ्या प्रवासाची, आईवडिलांची, सगळी चौकशी केली. मग म्हणाली, कुठला बाजार? बुधवारचा ना, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता चौकात गाड्या लावतात. पण गावाबाहेर सुपरमार्केट आहे, मोठं आहे, तिथे पाव फार छान मिळतो.

खोली मी ठेवली. तारीखही तीच ठेवली. दर रविवारी फोनवर बाबा विचारतात, "बुधवार धरला नं?" मी सांगते, धरला. सोळा कामांवर खूण झाली आहे. सतरावं मी परवाच लिहिलं, पेन्सिलीने: बाबांना सांगणे. त्यापुढे अजून काही नाही.